रंजनाची चढाई

जानेवारीत नागपूरचं ऊन अंगणात यायला उशीर करतं आणि आलं की उठू देत नाही. पाठ तापते, पायाची बोटं मात्र गारच राहतात. या दिवसांत बाजारात तुरीच्या शेंगांचे ढीग लागतात. मिठाच्या पाण्यात उकडून एका परातीत घ्यायच्या आणि सोलत बसायचं, एवढंच रविवारचं काम. गेल्या रविवारी आम्ही मायलेकी तशाच बसलो होतो आणि मुलीने टीव्हीवर एक सिनेमा लावला.

कुठल्याशा गावातली एक टीम होती. एक जाडा, एक सदा झोपलेला, एक चष्मा हरवणारा, एक तोतरा, आणि या सगळ्यांना शिकवणारा एक वैतागलेला कोच. कुणाला धड पळता येत नाही आणि यांना स्पर्धा जिंकायची आहे. मुलगी हसून हसून आडवी झाली. सुरुवातीला मीही हसले. मग तो तोतरा मुलगा मैदानात उतरला, त्याने तोंड उघडलं, आणि माझ्या बोटांमधली शेंग तशीच राहिली.

"आई, अशी काय बसलीस? विनोदी आहे हा सिनेमा," मुलगी म्हणाली.

"हो, दिसतंय," मी म्हणाले.

विनोदी असतोच तो. न जमणाऱ्या माणसांची टीम लांबून पाहिली की फार गोड वाटते. पण अशा टीमच्या आत उभं राहिलं की हसू येत नाही, हे मला ठाऊक आहे. आठ वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी अशाच एका टीमची कर्णधार होते.

आमचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. खातं कोणतं ते सांगण्यात अर्थ नाही, फाइली सगळीकडे सारख्याच असतात. खात्याच्या क्रीडास्पर्धा दर वर्षी व्हायच्या आणि आम्ही बायका रांगोळी आणि संगीत खुर्ची यांवर भागवायचो. त्या वर्षी परिपत्रक आलं की प्रत्येक कार्यालयाने महिलांचा कबड्डी संघ पाठवावाच. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "सात नावं द्या." मी सावनेरच्या शाळेत दहावीपर्यंत कबड्डी खेळले होते, हे कधीतरी जेवणाच्या सुट्टीत माझ्या तोंडून निघून गेलं होतं. तेवढ्यावर मी कर्णधार. वय पंचेचाळीस, चष्म्याचा नंबर उणे पाच. चष्मा मी इलॅस्टिकने डोक्याला बांधायची.

नावं सातच मिळाली, आठवं नाही. तीन नव्या भरतीतल्या मुली होत्या, ज्यांना साहेबांना नाही म्हणता आलं नाही. चौथ्या अभिलेख कक्षातल्या मेश्रामताई. अंगाने भक्कम, उजव्या गुडघ्याला कायम पट्टा. त्यांनी एकदा कुणाला धरलं की सोडवून घेणं कठीण, पण धरायला पळत जाणं त्यांना जमायचं नाही. पाचव्या पाटणकरबाई. निवृत्तीला वर्ष राहिलेलं, काटकुळ्या, आयुष्यभर आस्थापना शाखेत नियमांवर बोट ठेवत आलेल्या. नाव दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कबड्डीच्या नियमांची झेरॉक्स आणली आणि लाल पेनाने रेघा मारून वाचून काढली. सहावी मी.

सातवी रंजना, आमची शिपाई. तिचा नवरा याच खात्यात होता, तो गेल्यावर अनुकंपेवर तिला नोकरी मिळाली. तेव्हा पस्तिशीची असेल. रोज खाप्याहून सकाळच्या एसटीने यायची. कुणालाही न सांगता टेबलं पुसायची, फाइली बरोबर जागेवर न्यायची. ती अडखळत बोलायची. तिचं अडखळणं मी इथे अक्षरं तोडून दाखवणार नाही. ते काम एका माणसाने माईकवर केलं, आणि ते मी ऐकलं आहे. एवढंच सांगते की तिचा शब्द पहिल्या अक्षराशी थांबायचा, मान किंचित डावीकडे वळायची, डोळे मिटायचे, आणि मग तो शब्द यायचा किंवा यायचा नाही.

कार्यालयात तो यायची वाट कुणी पाहत नसे. "हो" आणि "नाही" यांवर तिचा दिवस जायचा. बाकीचं आम्ही बोलायचो, आणि त्यात मी सगळ्यांत तरबेज होते. तिच्या ओठांवर पहिलं अक्षर दिसलं की पुढचं वाक्य मी पूर्ण करायची. "सुट्टी हवी आहे ना?" "बस लवकर आहे का आज?" ती मान हलवायची. मला वाटायचं, मी तिचे कष्ट वाचवते.

सराव कार्यालयामागच्या मैदानावर सकाळी आठला. गवतावर दव, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषा त्यात विरघळलेल्या. कुणी शाल काढायला तयार नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, चढाईला कोण जाणार? सगळ्या जमिनीकडे पाहायला लागल्या. तेव्हा रंजनाने पदर खोचला आणि ती रेषेशी जाऊन उभी राहिली.

ती काय धावली ते मला अजून दिसतं. खाप्याला कन्हान नदीच्या वाळूत भावांबरोबर खेळत ती वाढली होती, हे नंतर कळलं. वाळूत पळालेल्या माणसाला जमीन फार सोपी जाते. ती डावीकडे झुकली असं वाटेपर्यंत तिने उजवीकडच्या दोघींना हात लावला होता, आणि मेश्रामताई वळेपर्यंत ती परत आली होती. आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले.

"दम सुटला," पाटणकरबाई म्हणाल्या. सरावात पंच त्याच होत्या.

कुणाला काही समजलं नाही.

"मध्ये 'कबड्डी' थांबलं. सलग म्हणायला हवं. दम सुटला की चढाई करणारी बाद. नियम आहे."

"बाई, प्रॅक्टिस हाय ना हे," मेश्रामताई म्हणाल्या. "कायले तिच्या मांगं लागून राहिल्या?"

"माझं तिच्याशी काही नाही हो. पण सामन्यात जो पंच असेल त्याला ती अडखळते हे माहीत नसेल. त्याला फक्त ऐकू येईल."

हे खरं होतं. रंजना रेषेपाशी उभी होती आणि तिची मान डावीकडे वळली होती. ती काहीतरी म्हणणार होती. मी म्हणाले, "असू दे रंजना, तू दमलीस ना, बस जरा." ती बसली.

पुढचे दोन आठवडे ती सगळ्यांच्या आधी मैदानावर यायची. एकदा मी लवकर पोचले तर ती एकटीच, मागच्या रेषेपासून पुटपुटत चालत येत होती. तिने आपली आपण एक वाट काढली होती. मध्यरेषेशी उभं राहून "क" म्हणायला गेलं की तो अडकायचा. म्हणून ती पार मागून, हळू आवाजात सुरुवात करायची, पावलांच्या ठेक्यावर. एकदा तो शब्द फिरायला लागला की रेषा ओलांडताना आवाज चढवायची. दहापैकी आठ वेळा जमायचं. कुणी पाय धरला, अचानक वळावं लागलं, की ठेका तुटायचा आणि शब्द अडायचा.

दहापैकी आठ. घरी भाकरी थापताना मी हा हिशेब करायची आणि मला भीती वाटायची ती उरलेल्या दोनांची. कारण त्याच महिन्यात तिचं आणखी एक प्रकरण चालू होतं. ती बारावी झालेली होती, टायपिंगची परीक्षाही पास झाली होती आणि शिपायावरून लिपिक होण्यासाठी तिचं नाव यादीत होतं. आमचे बडे बाबू, म्हणजे मुख्य लिपिक, माझ्यासमोर साहेबांना म्हणाले होते, "लिपिक म्हणजे कधी ना कधी खिडकीवर बसवावं लागतं. लोकांशी बोलावं लागतं. विचार करा." साहेबांनी नुसती फाइल बाजूला ठेवली होती.

स्पर्धेला साहेब येणार, पहिल्या रांगेत बसणार. त्यांच्या डोळ्यांसमोर रंजनाचा शब्द अडकला, लोक हसले, तर ती फाइल कायमची बाजूलाच राहील, असं माझ्या मनाने घेतलं. आदल्या संध्याकाळी बसस्टॉपवर मी तिला गाठलं.

"रंजना, उद्या तू कोपऱ्यात राहा. पकडीला. चढाया मी करते."

तिने माझ्याकडे पाहिलं. शब्द यायला लागला होता. मी म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी गं. समजतंय ना?"

"हो," ती म्हणाली. हा एक शब्द तिला नेहमी यायचा. मी त्याला संमती समजले.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर कनात, कापड घातलेल्या खुर्च्या, एका खांबाला बांधलेला भोंगा. कुठल्याशा कार्यालयातला एक हौशी माणूस माईक घेऊन प्रत्येक चढाईवर गमती करत होता. पहिला सामना आम्ही जिंकलो. समोरच्या संघाच्या दोघी आल्याच नव्हत्या आणि उरलेल्यांतल्या तिघी एकामागून एक मेश्रामताईंच्या हातात सापडल्या. जिंकल्यावर काय करायचं ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही एकमेकींशी हात मिळवले, सभेनंतर मिळवतात तसे.

दुसरा सामना अमरावतीच्या संघाशी. सगळ्या उंच, तरण्या, एकसारखे टी-शर्ट घातलेल्या. मी चढाईला गेले आणि तिसऱ्या पावलाला बाद झाले. पुन्हा गेले, पुन्हा बाद. बाहेर बसून मी चष्मा पुसला. मध्यांतराला आम्ही सहा गुणांनी मागे. रंजना माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मी जाते," ती म्हणाली. न अडता.

मी "पाहू" म्हणाले. मेश्रामताईंनी माझ्याकडे पाहिलं. "वैशाली, पाहू काय वं? तुले जमून नाही राहिलं. जाऊ दे ना तिले."

मी जाऊ दिलं. ती मागच्या रेषेपासून पुटपुटत निघाली आणि दोघींना बाद करून आली. पुढच्या खेपेला एक. आमच्या खुर्च्यांकडून आवाज उठायला लागला. एव्हाना अमरावतीच्या मुलींना तिची चाल समजली होती. तिसऱ्या चढाईला त्या अंगावर धावून आल्या, तिला झटकन वळावं लागलं आणि शब्द अडला. शिट्टी वाजली. बाद.

आणि भोंग्यातून त्या माणसाने तिची नक्कल केली. तो "क" त्याने तीन-चार वेळा म्हटला. सगळं मैदान हसलं. वाईट माणसं नव्हती ती. रविवार होता, ऊन छान पडलं होतं आणि हसायला काहीतरी मिळालं होतं. रंजना खाली मान घालून बाहेर जाऊन बसली. मी साहेबांच्या खुर्चीकडे पाहायचंही टाळलं.

त्यानंतर ती पुन्हा आत आली तरी मी तिला चढाईला जाऊ दिलं नाही. हाताने मागे सारत राहिले. मेश्रामताई गुडघा धरून पकडी करत होत्या, नव्या मुलींपैकी एकीला कुठून तरी बळ आलं आणि तिने दोन गुण आणले, पाटणकरबाईंना तर एकदा चढाईत समोरची मुलगी स्वतःच येऊन धडकली आणि गुण मिळाला. शेवटची चढाई उरली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. चढाई आमची.

मी रेषेकडे निघाले. दुसरं कुणाला पाठवायचं ते ठरवायचं धैर्य नव्हतं. रेषेला पाऊल लागणार एवढ्यात माझ्या कानामागून हळू आवाजात तो शब्द येताना ऐकू आला. पार मागच्या रेषेपासून, पावलांच्या ठेक्यावर. तो जवळ आला, माझ्या खांद्याशेजारून गेला आणि आवाज चढला. रंजना पलीकडे गेली होती. एका वेळी दोघींना जाता येत नाही. मी थांबले.

फक्त तिचा आवाज. ती थेट मध्ये शिरली, पाय लांब टाकून कोपऱ्यातल्या मुलीला स्पर्श केला. बरोबरी. आता नुसतं परत यायचं. ती वळली आणि कुणीतरी तिचा घोटा धरला. ती पोटावर पडली. दुसरी मुलगी कमरेवर आली. रंजना कोपरांवर सरकत होती, हात पुढे ताणलेला, रेषा वीतभर लांब. आणि तो शब्द अडला.

"क" तिथेच थांबला. तिची मान डावीकडे वळली, डोळे मिटले. पंचांच्या तोंडात शिट्टी होती, पण ती वाजली नाही. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. तिने श्वास घेतला नव्हता. तिच्या गळ्याची शीर ताठ झालेली मला दिसत होती, छाती हलत नव्हती. ती त्या एका अक्षराला धरून मातीत पडलेली होती आणि हात सरकत होता. बोटं रेषेला लागली. त्याच वेळी शिट्टी वाजली.

पंच वयस्कर होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि हात वर करून सांगितलं, दम सुटला, बाद. आम्ही दोन गुणांनी हरलो.

रंजना उठली. कोपराला माती आणि रक्त. ती बाहेर गेली नाही, सरळ पंचांसमोर जाऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले आणि शब्द अडला. मी धावत गेले. "सर, तिचं म्हणणं असं आहे की—"

तिने माझ्याकडे न बघता तळहात माझ्या दिशेने उभा धरला. मी एक पाऊल मागे सरले.

मग ती बोलली. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. भोंगेवाल्याने एकदा तोंड उघडलं, पण पाटणकरबाई त्याच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याने माईक खाली ठेवला. अमरावतीच्या मुली नाचायचं थांबवून उभ्या राहिल्या. दर शब्दाला तिची मान वळत होती, प्रत्येक शब्द ती ओढून आणत होती आणि सगळ्या मैदानाला थांबावं लागत होतं.

"दम नाही गेला," ती म्हणाली. "शब्द अडकला. दम माह्याजवळच होता."

पंचांनी शिट्टी गळ्यातून काढली. "बाई, मला शब्दच ऐकू येतो," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. "दम मला कसा दिसणार? निर्णय बदलता येणार नाही."

"मी सांगून राहिली," रंजना म्हणाली. "बदलू नका. आयका फक्त."

"ऐकलं," पंच म्हणाले.

पाटणकरबाईंनी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे लेखी निषेध लिहिला. 'उपरोक्त विषयान्वये' पासून 'सादर' पर्यंत सगळं होतं त्यात. पंचांनी तो वाचून घडी घालून खिशात ठेवला. मग मी साहेबांच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. मध्यांतरातच ते पाहुण्यांबरोबर जेवायला निघून गेले होते. दोन आठवडे मी ज्या नजरेला घाबरत होते, ती नजर तिथे नव्हतीच. तिच्या भल्यासाठी म्हणून मी तिला एका रिकाम्या खुर्चीपासून लपवत होते.

मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली मेश्रामताई तिच्या कोपरावर पाणी ओतत होत्या. मी जवळ जाऊन बसले. तिनेच विचारलं.

"मॅडम, तुम्ही मले काहून थांबवलं होतं?"

"लोक हसतील म्हणून," मी म्हणाले. "हसले ना."

ती बराच वेळ काही बोलली नाही. शब्द येत होता की ती विचार करत होती, मला कळेना. माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. मेश्रामताईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लोकं तं रोजच हासतात," रंजना म्हणाली. "तुम्ही नाही हासत. पण तुम्ही थांबतही नाही."

मेश्रामताई पाणी ओतत राहिल्या.

हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नाही. मुलीलाही त्या रविवारी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग पुढे काय झालं? आणि पुढे फारसं काही झालं नाही. आमचं कौतुक झालं नाही, परिपत्रकातला कोणताही नियम बदलला नाही. रंजनाची बढती दोन वर्षं उशिरा आली, सेवाज्येष्ठतेच्या यादीतून, जशी सगळ्यांची येते. तिला सावनेरचं कार्यालय मिळालं, खाप्याच्या जवळ. खिडकीवर बसते. रांगेतल्या लोकांना थांबावं लागतं आणि ते थांबतात, असं तिकडून आलेली माणसं सांगतात. पाटणकरबाई निवृत्त झाल्या. मेश्रामताईंचा गुडघा बदलला. मी अजून त्याच टेबलावर आहे. समोर कुणी बोलताना अडलं की अजूनही माझी जीभ पुढे सरकते. ती आवरायला रंजनाने त्या दिवशी उभा धरलेला तळहात आठवावा लागतो. चांगुलपणाची सवय मोडणं फार अवघड. तिला कुणी वाईट म्हणत नाही ना.

वर्षातून दोन-तीनदा रंजनाचा फोन येतो. मी "हॅलो" म्हणते आणि पलीकडे काहीच ऐकू येत नाही. पहिल्यांदा मला वाटलं होतं फोन लागला नाही, आणि मी ठेवूनही दिला होता. आता तसं करत नाही. स्वयंपाकघरात असले तर गॅस बारीक करते, फोन कानाशी घट्ट धरते आणि उभी राहते. तिच्या मुलीच्या शाळेचं असेल, पावसाचं असेल, कुणी गेल्याचं असेल. मी अंदाज करत नाही. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत असतो.